पान पिकलं का बघा, मग विळा लावा

निपाणीच्या आसपास कुणालाही तंबाखूवर बोलतं करा, गाडी लगेच वाळवणीवर येते. ऊन कसं लागलं, दहिवर किती पडलं, ढीग तापला का. पान रानात पिकलं होतं का, हे फारसं कुणी विचारत नाही. गेल्या हंगामात मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मामेभाऊ नोकरीपायी पुण्यात अडकलेला, त्यामुळं तरू (रोपं) टाकण्यापासून बोद (तंबाखूची मोठी पोती) भरेपर्यंत सगळं माझ्या गळ्यात आलं. मामा बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि काठीनं दाखवायचे. हंगाम संपेपर्यंत माझं एक मत पक्कं झालं, आणि ते इथल्या बऱ्याच जणांना पटत नाही: वाळवणीला आपण नको तेवढं श्रेय देतो. वाळवणीत रंग येतो, वास खुलतो, हे खरं. पण पानात जे आलेलंच नाही, ते कितीही ऊन दिलं तरी येत नाही. आलेलं घालवायला मात्र एक रात्र पुरते.

आमची तंबाखू बिडीची. म्हैसूरजवळच्या हुणसूर-पिरियापट्टणकडं सिगारेटची होते, तिची तऱ्हा वेगळी. तिथं खालून वर, पिकतील तशी पानं तोडतात आणि बंद खोलीत नळ्यांच्या उष्णतेवर वाळवतात. ती सरकारी तंबाखू मंडळाच्या लिलावात जाते. बिडीच्या तंबाखूला ना भट्टी ना लिलाव. उघड्या रानात उन्हावर वाळवायची आणि व्यापारी दारात आला की त्याच्याशी घासाघीस करायची.

तरूचं फार सांगत नाही. बी म्हणजे निव्वळ पूड, एका ग्रॅमात १० हजारांच्या वर दाणे. वाळूत मिसळून वाफ्यावर विसकटायचं आणि झारीनं पाणी द्यायचं, नाहीतर एका लोटात सगळं वाफ्याच्या कडेला. पावसाळ्याच्या सुरवातीला वाफे, ऑगस्टमध्ये लावण. मामांची दोन रानं आहेत. वरचं माळाकडचं, हलकं. खालचं वेदगंगेच्या अंगाला, काळंभोर, पाय ओढून धरणारं.

पिकण्याची गोष्ट मात्र खतापासूनच सुरू होते. वरच्या रानात मामांनी उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं बसवली होती. खालच्या रानात मेंढरं नव्हती, म्हणून मी दुकानातून खत आणायला निघालो, तर मामांनी बांधावरूनच हाक मारली, "लाल पोटॅश आणू नगंस बरं का. त्यानं पान जळत न्हाई." त्यांना रसायनशास्त्र माहीत नाही, पण बोलले ते बरोबर. लाल पोटॅशमध्ये क्लोराईड असतं. पानात ते जास्त साचलं की तंबाखू धुमसते आणि विझते. पालाश, म्हणजे पोटॅशियम, तर हवंच, कारण पान नीट जळतं ते त्याच्यामुळं. म्हणून तंबाखूला पोटॅश द्यायचं ते सल्फेटच्या रूपात. मचूळ विहिरीचं पाणीही म्हणूनच वाईट. युरियाचंही तसंच. उशिरा हात सैल सोडला, की पान गर्द हिरवं, रुंद, बघणाऱ्याला झकास दिसतं आणि पिकायचं नावच घेत नाही. रस्त्यावरून जाणारा म्हणतो काय पीक आलंय, आणि मालकाच्या पोटात गोळा.

कळी दिसायला लागली की शेंडा खुडायचा. शेंडा गेला की झाड फुलाबियांवर जोर लावत नाही, तो सगळा पानात उतरतो. निकोटीन मुळांत तयार होऊन वर चढतं, आणि शेंडा खुडल्यावर ते जास्तच तयार होतं. पण झाडही हार मानत नाही, प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवा काढतं. तो मोडला की आठवड्यात दुसरा. फुटवे राहिले तर पान पातळ राहतं, वजन येत नाही. त्यात जमिनीतून बंबाखू वर येतो. त्याला स्वतःचं हिरवं पान नाही. तंबाखूच्या मुळाला चिकटून तिच्या जिवावर जगतो, आणि त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. फुलायच्या आत उपटून रानाबाहेर नेऊन जाळला नाही, तर नातवापर्यंत पुरतो.

फुटवे काढताना हाताला जो चीक लागतो त्याच्याविषयी सांगायलाच हवं. पानावर बारीक लव असते आणि तिच्या टोकाला चिकट थेंब. पान जसं पिकतं तसा हा चीक वाढतो. दुपारपर्यंत बोटं काळी होतात, एकमेकांना चिकटतात, साबणानं जात नाही. आमच्या शेजारच्या काकू राखेनं हात घासायच्या. मामांची पहिली परीक्षा हीच. रानात फिरून आलो की म्हणायचे, "हात दाखव." बोटांवर काळपट थर नसला की, "अजून न्हाई."

दुसरी परीक्षा डोळ्यांची. पिकत आलेलं पान आधी टोकाकडून पिवळसर होतं, कडा खाली वळतात, पान जाड होऊन खडबडीत फुगवटे धरतं. मग त्यावर तांबूस-तपकिरी ठिपके उठायला लागतात. नवखा माणूस रोग समजून फवारा मारायला धावतो. बिडीच्या तंबाखूला हे ठिपके म्हणजे पक्वतेची खूण, पण ते सगळ्या पानभर हवेत; एकाच जागी, मधे भोक पडलेले असले तर तो रोगच. तिसरी परीक्षा कानाची. पान दुमडलं की पिकलेलं कडकन मोडतं. कच्चं नुसतं वाकतं.

हे सगळं बांधावर सांगायला सोपं. अडचण अशी, की एकाच झाडावर तीन वयांची पानं असतात. बुडखी पानं आधी पिकतात आणि थांबलो तर वाळून मातीला लागतात. मधली ऐन भरात येतात तेव्हा शेंड्याकडची अजून कोवळी. सिगारेटवाल्यांसारखी पानं खुडत बसायची तर मजुरी परवडत नाही. आमच्याकडं झाडच बुडातून कापतात. म्हणजे कापणीचा दिवस ठरवणं म्हणजे बुडख्या पानांचं थोडं नुकसान कबूल करून शेंड्याची वाट बघणं. किती वाट बघायची हा सगळा हिशेब, आणि तो पान एकटं ठरवत नाही. टोळीतल्या बायका कधी मोकळ्या आहेत, आभाळ काय म्हणतंय, कुणाला उचल फेडायची आहे, हेही त्यात येतं.

आमचं तसंच झालं. वरचं रान वेळेवर पिकलं, वेळेवर कापलं. खालचं काळं रान मागं राहिलं. ओल धरून ठेवणारी जमीन पान हिरवं राखते. जानेवारीत आभाळ भरून आलं. मोबाईलवर पावसाचा अंदाज, टोळीची मुकादम आक्का म्हणाली, "आत्ता सांगा, न्हाईतर आमी उसाच्या भांगलणीला चाललो." मामांनी काठीनं रानाच्या मधोमध रेघ ओढल्यासारखं केलं. "हिकडचं काप. तिकडचं ऱ्हाऊ दे. पाऊस आला तर निम्मं तरी हाताला लागंल." त्या वेळी यापेक्षा शहाणपणाचा निर्णय दुसरा नव्हता, असं मला अजून वाटतं. पाऊस आला नाही. ढग दोन दिवस रेंगाळून तवंदी घाटापलीकडं गेले. उरलेलं निम्मं रान आम्ही पुढं पंधरवडाभरानं कापलं. माती तीच, बी तेच, खत तेच, वाळवणारे हातही तेच. फरक फक्त पिकण्याचा. असा योग मुद्दाम जुळवून आणता येत नाही.

कापणी उन्हं कलल्यावर करतात. झाड तिथंच आडवं टाकायचं, रात्रभरात पानं मलूल होतात, मग हाताळताना मोडत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ऊन. पण नुसतं ऊन देत सुटायचं नाही, कारण कापलेलं पान लगेच मरत नाही. ते काही दिवस श्वास घेत राहतं आणि त्याच काळात खरं काम होतं. पिठूळ अंश साखरेत उतरतो, हिरवा रंग मोडतो, त्याखाली झाकलेला पिवळा वर येतो, आणि पान मरताना तपकिरी रंग धरतं. म्हणून सुरवातीला झाडं एकमेकांवर थोडी चढवून ठेवायची, ऊन अंगावर येईल पण पान भाजणार नाही अशी. पहिल्याच दिवशी कडक वाळलं तर हिरवा रंग आत कोंडतो आणि मग तो कशानंही जात नाही. फार हळू वाळलं, ढगाळ हवा राहिली, तर काळे डाग आणि बुरशी. आमच्या जानेवारीत दिवसा कोरडं ऊन आणि रात्री थंडी, हे वरून मिळालेलं दान आहे.

पालटायचं काम पहाटे. दुपारी वाळकं पान हातात घेतलं की चुरा होतो, दहिवर पडल्यावर तेच मऊ पडतं. पहाटे चारला टॉर्च घेऊन बाया येतात, डोक्याला फडकं, आणि सूर्य वर यायच्या आत झाडं उलटून टाकतात. पहिल्यांदा मी उत्साहानं त्यांच्याबरोबर उतरलो. शर्ट कोपरापर्यंत दहिवरानं चिंब, पानं छातीशी कवटाळलेली. उजाडेपर्यंत डोकं गरगरायला लागलं, मळमळलं, बांधावर जाऊन ओकलो. मला वाटलं पित्त. काकू हसल्या. "तंबाखू चढली रं तुला, तोंडात न घालता." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. रोज काम करणाऱ्या बायांनाही होतं, त्या बोलत नाहीत एवढंच. दुसऱ्या दिवशी मी रेनकोटचा सदरा आणि हातमोजे घालून गेलो, तर साऱ्या टोळीला दिवसभर पुरेल एवढी करमणूक झाली. पण चढली नाही. दोघीतिघींनी नंतर खताच्या पिशव्या कापून अंगाला गुंडाळल्या, तेव्हा कुणी हसलं नाही.

लवकर कापलेल्या पानांचं वागणं पहिल्याच आठवड्यात वेगळं दिसलं. पिवळेपणा धरायलाच तयार नाहीत. एका पानावर कडा तपकिरी, मधे शेवाळी हिरवा पट्टा, शिरेजवळ काळपट. सावलीत ठेवून बघितलं, झाडं जास्त दाटीनं रचून बघितली, एका कोपऱ्यात गोणपाट टाकून बघितलं. पट्टा थोडा फिकटला, गेला नाही. वाळल्यावर पान कागदासारखं पातळ, मुठीत दाबलं तर चुरा आणि सोडलं तर तसंच विस्कटलेलं. उशिरा कापलेलं पान मात्र मुठीत दाबून सोडलं की हळूहळू उलगडत परत मोठं व्हायचं. बोटांना किंचित चिकट लागायचं. वासातही जमीन-अस्मानाचं अंतर. कच्च्या मालाला वाळक्या गवताचा वास, घशात खवखव. पिकल्या मालाला जड, गोडूस वास, ज्याच्यामुळं निपाणीत शिरताना बसमधला झोपलेला माणूसही डोळे उघडतो.

मग ढीग. वाळलेला पाला दहिवरावर मऊ करून रचतात, दाबतात, झाकतात. आत उष्णता धरते आणि पान पुन्हा एकदा बदलतं. नाकात झोंबणारी अमोनियाची वाफ येते, कच्चा तिखटपणा उतरतो, रंग सगळीकडं एकसारखा होतो. कोपरापर्यंत हात घालून बघायचं. हात ठेवता आला पाहिजे, चटका बसला की ढीग फोडायचा आणि आतला पाला बाहेर, बाहेरचा आत. याला वेळापत्रक नाही. पाल्यात ओल किती राहिली त्यावर सगळं. वरच्या रानाच्या ढिगात एका बाजूला ओल जास्त राहिली होती, तिथला पाला रात्रीत काळा पडला आणि त्याला आंबूस वास सुटला. उत्तम पिकलेला माल. तेवढा भाग वेगळा काढून टाकला. खालच्या रानाचे दोन ढीग आम्ही लांब-लांब लावले होते. पिकलेला नीट तापला, दोन-तीनदा उलटला. कच्चा तापलाच नाही म्हणावं इतका कोमट राहिला. गावातले एकदोन जाणकार येऊन म्हणाले, पाणी मारा, अजून ठेवा, येईल रंग. पाणी मारलं. रंग गडद झाला, वास तोच.

त्यानंतर बडवणी आणि चाळण. काठ्यांनी बडवून पानाचा चुरा करायचा, शिरा-काड्या वेगळ्या काढायच्या, वेगवेगळ्या चाळणीतून जर्दा, म्हणजे बिडीत भरायचा जाडसर चुरा, आणि भुकटी वेगळी करायची. मोठ्या प्रमाणावर हे निपाणीतल्या वखारीत होतं, तोंडाला फडकं बांधलेल्या बायकांच्या हातून, धुळीत. मी एका वखारीत थोडा वेळच उभा राहिलो आणि शिंका थांबेनात. त्या दिवसभर तिथं असतात. तंबाखूच्या प्रतीबद्दल लिहिताना एवढं तरी नोंदवावं, कारण प्रत म्हणजे शेवटी कुणाच्या तरी छातीत जाणाऱ्या धुराची प्रत. मी ओढत नाही, मामांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी सोडली. पीक सोडलेलं नाही. खालच्या रानात ऊस लावायचा विषय दर पाडव्याला निघतो आणि हे रान पाण्याला शेवटचं आहे म्हणून तिथंच थांबतो.

व्यापारी आला तेव्हा त्याची तपासणी बघण्यासारखी होती. त्यानं रंगाकडं पाहिलंच नाही. आधी ढिगाच्या तळातून मूठभर काढली, वरची नाही. दाबली, सोडली, उलगडते का पाहिलं. तळहातावर चोळून हुंगली. मग चिमूटभर कागदात वळून पेटवली आणि ओढायच्या ऐवजी नुसती हातात धरून जळू दिली. पिकलेल्या मालाची राख पांढुरकी, धरून राहिलेली, आग शेवटपर्यंत गेली. कच्च्याची मधेच विझली आणि राख काळसर. सल्फेटचं पोटॅश दोन्हीकडं सारखंच पडलं होतं, त्यामुळं हा फरक खताचा नव्हता. बिडीवाले निपाणीचा आणि गुजरातचा जर्दा एकमेकांत मिसळतात, तेव्हा त्यांना जळणं आणि वास यांचा भरवसा लागतो, असं तो म्हणाला.

इथपर्यंत त्याचं माझं जमलं. मग तो म्हणाला, "सगळा एकच माल धरू, सरासरी दर लावू." मामा तोवर खुर्चीत गप्प होते. ते म्हणाले, "न्हाई. तीन ढीग, तीन दर." व्यापाऱ्याचं गणित साधं होतं. कच्च्या मालाच्या नावानं सगळ्याचा दर उतरवायचा आणि वखारीत नेल्यावर कच्चा थोडाथोडा चांगल्यात मिसळून चांगल्याच्या भावानं पुढं विकायचा. पिकवायला थांबलो आम्ही, थांबण्याचे पैसे त्याला. वर नेहमीचं चालूच, मातीपोटी घट, ओलीपोटी घट, पोत्याचं वजन.

मामा असे हट्टाला पेटतात त्याला कारण आहे. १९८१ साली ते तरुण होते. त्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडून बसले होते, आणि ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. मामा बैलगाडी घेऊन तिथं होते. त्याविषयी ते फार बोलत नाहीत. पण प्रत कोण ठरवणार आणि दर कोण लावणार हाच तेव्हाचा प्रश्न होता, एवढं ते सांगतात. अजूनही बिडीच्या तंबाखूला लिलाव नाही. माल काय लायकीचा आहे ते व्यापाऱ्याच्या तळहातावर ठरतं.

तो व्यापारी परत गेला. कच्चा ढीग नंतर दुसऱ्या एकानं नेला, कमी दरात, आणि कमी दरच योग्य होता. वरच्या रानाचा माल बरा गेला. खालचा पिकलेला मामांनी पाडव्यानंतरपर्यंत ठेवला आणि तिघांमध्ये सगळ्यात जास्त दर त्याला आला, वरच्यापेक्षाही, कारण काळ्या रानाचं पान जाड होतं आणि पूर्ण पिकू दिलं होतं. पैसे दोन हप्त्यांत ठरले. पहिला मिळाला. दुसऱ्यासाठी मी दर आठवड्याला फोन करतो आणि समोरून "शेठ बाहेरगावी हाईत" असं येतं.

यंदा टोळीच्या आक्काला मी आताच सांगून ठेवलंय, खालच्या रानाला बोलावणं वरच्यानंतर पंधरा दिवसांनी येईल, तेव्हा उसाची भांगलण त्या हिशेबानं घ्या. ती म्हणाली, मग त्या पंधरा दिवसांची थोडी उचल आत्ता द्या. मागणी रास्त आहे. मामांशी बोलायचंय.